आकडा चौपट, वेळ तेवढाच

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक जुने सहकारी भेटायला आले. शिकवतात पदार्थविज्ञान, पण ‘तुम्हाला त्यातले कळते’ म्हणून संस्थेच्या सर्व कनिष्ठ महाविद्यालयांचे संगणकाचे कामही त्यांच्या गळ्यात पडले आहे. प्रवेश, शुल्क, हजेरी, गुण या सगळ्या नोंदी आता भाड्याच्या डेटाबेसमध्ये असतात. रोज पहाटे पाच वाजता या नोंदींचा ताळा घेणारा एक कार्यक्रम सुरू होतो आणि त्याला पावणेतीन तास लागतात. सकाळचे सत्र सातला भरते, तक्ता मिळतो पावणेआठला. प्राचार्यांची तक्रार आली तेव्हा सरांनी सेवेच्या पानावर जाऊन साठवणीच्या वेगाचा आकडा ३,००० होता तो १२,००० केला. बिल वाढले. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम पहाटे पाचला सुरू झाला आणि पावणेआठलाच संपला.

‘आकडा चौपट केला, मग वेळ पावपट का झाला नाही?’ हा त्यांचा प्रश्न. प्रश्न पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला शोभणारा आहे. संस्थेच्या कार्यकारिणीपुढे तोवर आकडा २४,००० करण्याचा प्रस्ताव जाऊनही पडला होता. पैसा अर्थातच विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जायचा.

परीक्षण साधारणपणे पुस्तकाचे करतात, क्वचित एखाद्या शैक्षणिक साधनाचे. मला येथे पडद्यावरच्या एका पानाचे आणि त्यामागच्या नियमांचे परीक्षण करायचे आहे. पुस्तकात चूक असेल तर वाचकाचे ज्ञान बिघडते, या पानावर गैरसमज झाला तर ज्ञानाबरोबर खिसाही रिकामा होतो. सरांची सेवा कोणत्या कंपनीची होती याला येथे महत्त्व नाही. असा आकडा आज अनेक कंपन्या विकतात. मी परीक्षणासाठी ॲमेझॉनची ‘आरडीएस’ ही सेवा घेतो, कारण ती ऑक्टोबर २००९ पासून चालू आहे आणि तिचे नियम, मर्यादा व आकडे कंपनीने तपशीलवार प्रसिद्ध केलेले आहेत. ज्याचे नियम उघड आहेत त्याचेच परीक्षण नीट करता येते, हेही तिच्या बाजूने सांगायला हवे.

आधी थोडी ओळख. व्यवस्थापित डेटाबेस म्हणजे संगणक कंपनीचा, चकत्या कंपनीच्या, रोजची प्रत काढून ठेवण्याचे काम कंपनीचे. आपण फक्त माहिती ठेवायची आणि महिन्याला भाडे भरायचे. यंत्रे कोठे असतात? मेघात नव्हे, जमिनीवरच. ॲमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे जून २०१६ मध्ये सुरू केली. तेथे दोन वेगळ्या वस्तू असतात. एक गणन करणारे यंत्र आणि दुसरी साठवण. दोन्ही एकाच पेटीत नसतात, जाळ्याने जोडलेल्या असतात. साठवणीच्या थराचे नाव ‘ईबीएस’. आरडीएसच्या पानावर साठवणीसाठी मुख्यतः चार गोष्टी ठरवायच्या असतात : प्रकार, आकारमान, दर सेकंदाच्या वाचन-लेखन क्रियांची संख्या (तिला ‘आयओपीएस’ म्हणतात, आपण क्रियासंख्या म्हणू) आणि दर सेकंदाला किती मेगाबाइट वाहून नेता येतील ती वहनक्षमता. चार चौकटी दिसायला सारख्या, पण चौघींचा स्वभाव वेगळा. माझी पहिली तक्रार येथूनच सुरू होते.

क्रियासंख्या हा शब्द जन्मला तेव्हा ते एक प्रामाणिक मोजमाप होते. १९५६ साली आयबीएमने ‘रॅमॅक’ हा संगणक बाजारात आणला. त्याच्या चकती-साठवणीत दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरत आणि एखादी नोंद हाती यायला सरासरी सुमारे ०.६ सेकंद लागे. म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड क्रिया. पुढे नेहमीच्या वापरातली चकती मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची झाली. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे गणित जरूर करायला लावावे : सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला ८.३ सहस्रांश सेकंद. हवी ती जागा सरासरीने अर्ध्या फेरीनंतर समोर येणार, म्हणजे ४.२ सहस्रांश. त्यात वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ सहस्रांश. एकूण झाले बारा-तेरा, म्हणून सेकंदाला सुमारे ८० क्रिया. हा ८० आकडा कोणी ठरवलेला नव्हता. तो धातूच्या वजनातून आणि मोटारीच्या गतीतून आलेला होता. तो वाढवायचा तर दुसरी चकती आणावी लागे.

फिरत्या चकतीची जागा घनस्थिती साठवणीने घेतली, दांडा गेला, फेरी गेली. क्रियासंख्या हा शब्द मात्र राहिला आणि त्याचा अर्थ हळूच बदलला. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲमेझॉनने ईबीएसवर क्रियासंख्या आगाऊ ठरवून विकत देण्यास सुरुवात केली आणि त्याच वर्षी आरडीएसमध्येही ती सोय आली. अमेरिकेतला तेव्हाचा दर एका क्रियेच्या हक्कासाठी महिन्याला दहा सेंट, म्हणजे सेकंदाला १,००० क्रियांसाठी महिना शंभर डॉलर, जागेचे भाडे वेगळे. पूर्वी या आकड्याने यंत्र काय करते ते कळे. आता यंत्राला किती करू दिले जाईल ते कळते. पूर्वी ते मोजमाप होते, आता तो परवाना झाला. परवाना विकण्यात गैर काही नाही. एका साठवणीवर शेकडो गिऱ्हाईके असताना एकाने सगळ्यांचे पाणी ओढू नये म्हणून वाटा ठरवावाच लागतो. पण मोजमापाचे नाव परवान्याला दिले की घेणारा फसतो. ‘आयओपीएस १२,०००’ असे वाचल्यावर कोणालाही वाटते की आपली साठवण आता सेकंदाला १२,००० क्रिया करते आहे. तिचा खरा अर्थ आहे, तुम्ही तेवढ्या मागितल्या तर १२,००० पर्यंत अडवणार नाही.

यानंतरचे प्रकरण मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. जून २०१४ मध्ये ‘जीपी२’ हा साठवणीचा प्रकार आला आणि पुढे कित्येक वर्षे नवा डेटाबेस उभारताना बहुतेकांच्या वाट्याला तोच आला. त्यात क्रियासंख्येची चौकटच नव्हती. नियम असा : दर गिगाबाइटमागे सेकंदाला ३ क्रिया, कमीत कमी १००. शिवाय लहान साठवणीला गरजेच्या वेळी ३,००० पर्यंत धावण्याची मुभा. ही मुभा शिलकीतून मिळे. सुरुवातीला ५४ लाख क्रियांची शिल्लक खात्यात जमा असे, धावताना ती खर्च होई आणि विसावा मिळाला की पुन्हा भरे.

कल्पना हुशारीची आहे. पण तिचा व्यवहारात काय परिणाम होतो ते पाहू. समजा एका संस्थेने १०० गिगाबाइटची जागा घेतली. हक्काची क्रियासंख्या झाली ३००. प्रवेशाचा पहिला दिवस सकाळी दहाला सुरू व्हायचा आहे. आदल्या दिवशी दुपारी संस्थेने रंगीत तालीम घेतली. वीस मिनिटे पूर्ण भार दिला, सगळे सुरळीत चालले, सेकंदाला ३,००० क्रिया झाल्या. सगळे समाधानाने घरी गेले. रात्रीत शिल्लक पुन्हा भरली. सकाळी दहाला अर्ज येऊ लागले. सेकंदाला ३,००० खर्च, ३०० जमा, म्हणजे निव्वळ तूट २,७००. चोपन्न लाख भागिले २,७०० म्हणजे २,००० सेकंद. दहा वाजून तेहतीस मिनिटे आणि वीस सेकंदांनी शिल्लक संपली आणि वेग एकदम दहाव्या हिश्श्यावर आला. यंत्र बिघडले नाही, कोठे चूक झाली नाही, नियमाप्रमाणेच झाले. खाते पुन्हा पूर्ण भरायला, एकही अर्ज आला नाही असे धरले तरी, ५४ लाख भागिले ३०० म्हणजे १८,००० सेकंद, अर्थात पाच तास.

अर्ध्या तासाच्या आतली कोणतीही चाचणी या व्यवस्थेत उत्तीर्ण होते, हा तिचा मुख्य दोष. आपण शाळेत तीन मिनिटे बल्ब लावून विद्युतघटाची शक्ती ठरवत नाही. बरे, टाकीत इंधन किती उरले ते दाखवणारा काटा तरी होता का? शिल्लक किती टक्के आहे ते सांगणारे मापन ईबीएससाठी नोव्हेंबर २०१६ मध्ये उपलब्ध झाले. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे गाडी विकली जात होती आणि काटा नव्हता.

याचा आणखी एक वाईट परिणाम झाला. हक्काचा वेग आकारमानाला बांधलेला असल्याने वेग हवा तर रिकामी जागा घ्या, असा सल्ला रूढ झाला. चाळीस गिगाबाइट माहितीसाठी १,००० गिगाबाइट घेतले की ३ गुणिले १,००० म्हणजे ३,००० क्रिया कायमच्या हक्काच्या. नऊशे साठ गिगाबाइट रिकामी खोली, भाडे चालू. आणि एकदा वाढवलेली जागा आरडीएसमध्ये जागच्या जागी कमी करता येत नाही. लहान आकाराची दुसरी प्रत उभी करून सगळा संसार तिकडे हलवावा लागतो.

डिसेंबर २०२० मध्ये ईबीएससाठी ‘जीपी३’ आला आणि त्याने हा अन्याय बराच दूर केला. जागा कितीही लहान असो, ३,००० क्रिया आणि १२५ मेगाबाइट वहन हक्काचे, शिलकीचा खेळ नाही. ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे. (आरडीएसच्या गिऱ्हाइकांना मात्र ती नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाली. जे स्वतः सगळे सांभाळतात त्यांना आधी आणि ज्यांनी सांभाळण्यासाठी पैसे मोजले त्यांना जवळजवळ दोन वर्षांनी, हा क्रम मला उलटा वाटतो.)

पण आरडीएसमध्ये येताना या प्रकाराला एक विचित्र पायरी चिकटली. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस डेटाबेस असेल आणि जागा ४०० गिगाबाइटपेक्षा कमी असेल तर ३,००० आणि १२५ हे आकडे कायम. त्यांच्यात वाढ करताच येत नाही. ४०० झाले की आकडे आपोआप १२,००० आणि ५०० होतात, आणि पुढे पैसे मोजून वाढवता येतात. असे का? विद्यार्थ्यांना दोन्ही जोड्यांचे गुणोत्तर काढायला सांगावे, उत्तर मिळेल. दोन्हीकडे चार पट. ४०० च्या पुढे सेवा एकाऐवजी चार चकत्या जोडून त्यांवर माहितीचे पट्टे वाटून ठेवते. चार गुणिले ३,००० म्हणजे १२,००० आणि चार गुणिले १२५ म्हणजे ५००. रहस्य इतके साधे आहे. पडद्यावर मात्र एकच चकती असल्यासारखी एकच चौकट दिसते. साठ गिगाबाइटची नोंद असलेल्या संस्थेला ४,००० क्रिया हव्या असतील तर तिला जागा ४०० करावी लागणार, आणि ती जागा परत कमी होणार नाही. आकारमान आणि वेग यांची गाठ पुढच्या दाराने सोडवली, ती मागच्या दाराने परत आली.

क्रियासंख्येच्या चौकटीबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा : एक क्रिया म्हणजे केवढी? या साठवणीत सलग २५६ किलोबाइटपर्यंतचे वाचन एक क्रिया धरले जाते. मायएसक्यूएल साधारणपणे १६ किलोबाइटच्या पानांनी माहिती हाताळतो. ३,००० गुणिले १६ म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ मेगाबाइट, म्हणून १२५ च्या वहनमर्यादेपर्यंत आपण पोचतच नाही. उलट २५६ किलोबाइटची मोठी सलग वाचने असतील तर १२५ मेगाबाइट फक्त ५०० क्रियांत भरतात. त्यापुढे क्रियासंख्येचे अडीच हजार परवाने खिशात पडून राहतात. एकाच साठवणीची भिंत कधी इकडून लागते, कधी तिकडून. दोन्ही चौकटी शेजारी आहेत, पण त्यांच्यातले हे नाते पानावर दिसत नाही.

आणि साठवण सोडून गणनयंत्राची मर्यादा वेगळीच. दोन्ही जाळ्याने जोडलेली आहेत हे वर सांगितले. त्या जोडणीलाही रुंदी आहे. ‘एम५.लार्ज’ या मध्यम यंत्राचे प्रसिद्ध आकडे पाहा : साठवणीकडे कायमची क्षमता सेकंदाला ३,६०० क्रिया, कमाल १८,७५०, आणि ही कमाल चोवीस तासांत निदान एकदा अर्धा तास टिकेल एवढीच हमी. आता ४०० गिगाबाइटच्या साठवणीला मिळालेले १२,००० परवाने या यंत्राला जोडले तर? अर्धा तास मजेत, नंतर ३,६००. जीपी२ मधला अर्ध्या तासाचा संबंध येथे पुन्हा भेटला. साठवणीच्या पानावर यंत्राचा ३,६०० हा आकडा लिहिलेला नसतो, तो यंत्रांच्या तक्त्यात स्वतंत्र ठिकाणी असतो. चार इंची नळाला अर्ध्या इंची तोटी बसवायला कोणी निघाले तर दुकानदारसुद्धा ‘काय करताय?’ म्हणतो. हे पान म्हणत नाही.

आता आमच्या सरांचे कोडे. त्यांच्या सेवेत वरीलपैकी कोणतीच भिंत आडवी आलेली नव्हती. कारण त्याहून साधे होते, आणि ते कोणत्याच चौकटीत मावणारे नाही.

महाविद्यालयाचे ग्रंथालय डोळ्यांपुढे आणा. पुस्तके देणाऱ्या तीन खिडक्या आहेत. एक विद्यार्थी एक चिठ्ठी देतो, पुस्तक मिळेपर्यंत थांबतो, मिळाल्यावर ते उघडून पाहतो, आणि त्यातल्या उल्लेखावरून पुढची चिठ्ठी लिहितो. आता खिडक्या तीनच्या बारा केल्या. या विद्यार्थ्याला काय फरक पडला? काही नाही. तो एका वेळी एकाच खिडकीवर उभा आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात भरपूर होते, पोहराच एक होता.

सरांचा ताळ्याचा कार्यक्रम असाच लिहिलेला होता. एक नोंद वाचायची, तिच्यावरून पुढची शोधायची, ती आली की त्यापुढची. अशी सुमारे एक कोटी वाचने. जाळ्यावरून एक वाचन परत यायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो असे धरा. एक कोटी सहस्रांश म्हणजे दहा हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. सरांनी कागदावर हा गुणाकार केला आणि दोन मिनिटे काही बोलले नाहीत. क्रियासंख्या किती पडत होती? सेकंदाला सुमारे १,०००. मर्यादा ३,००० असतानाही कार्यक्रम १,००० च वापरत होता. मर्यादा १२,००० केली, तो १,००० च वापरत राहिला. २४,००० केली असती तरी तेच.

यामागचा नियम १९६१ साली जॉन लिटल यांनी गणिताने सिद्ध केला. रांगेत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. बसथांब्याला, दवाखान्याला, शिधावाटप दुकानाला आणि साठवणीला हा एकच नियम लागतो, आणि दहावीच्या विद्यार्थ्याला तो पूर्ण समजतो. सेकंदाला १,००० क्रिया गुणिले ०.००१ सेकंद बरोबर १. म्हणजे साठवणीच्या दारात कायम एकच मागणी उभी. रांगच नाही. जेथे रांग नाही तेथे खिडक्या वाढवून काय होणार? हाच नियम उलट वाचला तर १२,००० क्रिया खऱ्या अर्थाने वापरायला एका वेळी सरासरी बारा मागण्या दारात हव्यात. आकडा वाढवण्यापूर्वी पाहण्याचा आकडा हा आहे.

आरडीएस हा आकडा देते का? देते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रांगेची लांबी, वाचनाला व लेखनाला लागणारा वेळ, प्रत्यक्ष झालेल्या क्रिया, या सगळ्यांचे आलेख ती दाखवते. मग माझा आक्षेप काय? ते आलेख निरीक्षणाच्या पानावर आहेत आणि चौकट बदलाच्या पानावर. बदलताना समोर दिसते ती रिकामी चौकट आणि वाढणारी किंमत. डॉक्टरांनी ताप एका खोलीत मोजावा आणि औषध दुसऱ्या खोलीत, ताप किती होता ते न पाहता लिहावे, अशातला हा प्रकार. बदलाच्या पानावर ‘गेल्या आठवड्यात तुमच्या सर्वाधिक क्रिया इतक्या झाल्या, सरासरी रांग इतकी होती’ एवढी एक ओळ छापली तर कित्येक संस्थांचे पैसे वाचतील. माहिती कंपनीपाशी आहेच.

कोणी म्हणेल, बदल करून पाहावा, उपयोग झाला नाही तर मागे घ्यावा; प्रयोग म्हणून काय वाईट? प्रयोगाची सोय असती तर मीही तेच म्हटले असते. बदल नोंदवल्यावर डेटाबेस चालूच राहतो, हे तंत्रज्ञानाचे मोठे यश आहे. चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच ते. परंतु नंतर साठवण ‘स्टोरेज-ऑप्टिमायझेशन’ या अवस्थेत जाते. ही अवस्था कित्येक तास टिकू शकते, आणि सहा तास किंवा ती संपेपर्यंत, यांतले जे उशिरा होईल तोवर, साठवणीत दुसरा बदल करता येत नाही. शिवाय या संक्रमणकाळात साठवणीचा वेग जुन्या आणि नव्या आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असतो. म्हणजे बदल केल्यावर लगेच घेतलेले माप ना जुन्याचे ना नव्याचे. प्रयोगशाळेत आपण एक चल बदलतो, स्थिर होऊ देतो, वाचन घेतो, मागे नेतो, पुन्हा वाचन घेतो. येथे एका फेरीला दिवस जातो, आणि त्या दिवशी भारही कालच्याइतका असेल याची खात्री नाही. क्रियासंख्या निदान पुन्हा खाली आणता येते, जागा तीही नाही. चारांपैकी एक चौकट एकेरी रस्ता आहे, आणि तिची कडा इतर तिघींसारखीच करडी.

नियमपुस्तिकेत हे सगळे लिहिलेले आहे, असे उत्तर यावर मिळते आणि ते खरेही आहे. मी वर दिलेले जवळजवळ सगळे आकडे कंपनीने स्वतःच जाहीर केलेले आहेत. पण पुस्तिकेची मांडणी विक्रेत्याच्या कपाटाप्रमाणे आहे : हा प्रकार, ही त्याची कमाल; तो प्रकार, ती त्याची कमाल. ‘माझे काम सावकाश का होते आहे?’ या वाचकाच्या प्रश्नापासून ती सुरू होत नाही. आपल्याकडची विज्ञानाची काही पाठ्यपुस्तके अशीच असतात, तेव्हा दुसऱ्याला हसायचा आपल्याला फारसा अधिकार नाही. असो.

सरांनी काय केले ते सांगतो. एक कोटी वाचने एकमेकांवर अवलंबून होती, पण एका महाविद्यालयाची दुसऱ्यावर नव्हती. त्यांनी कार्यक्रमाचे तीन भाग केले आणि ते एकाच वेळी सुरू केले. तीन मागण्या कायम दारात, प्रत्येकीला एक सहस्रांश, म्हणजे सेकंदाला ३,००० क्रिया. एक कोटी भागिले ३,००० म्हणजे सुमारे ५५ मिनिटे. प्रत्यक्षात तासाला थोडे जास्त लागले, कारण तिन्ही भाग अगदी सारखे पडत नाहीत. सव्वासहाच्या आत तक्ता तयार. यासाठी जुना ३,००० चा आकडाच पुरत होता. त्यांनी १२,००० वरून तो खाली आणला आणि २४,००० चा प्रस्ताव मागे घेतला. कार्यकारिणीला कारण लिहून द्यायचे होते, तेव्हा त्यांनी तो एका ओळीचा गुणाकार जोडला.

आकडा वाढवताना त्यांच्या सेवेत जागाही वाढवावी लागली होती. ती मात्र अजून तशीच रिकामी पडून आहे आणि तिचे भाडे दरमहा चालू आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरी प्रत उभी करून स्थलांतर करायचा त्यांचा विचार आहे. तोवर रांगेचा आकडा ते रोज सकाळी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवतात, आणि बारावीच्या मुलांना ‘यंदा लिटलचा नियम कोठे पाहिला?’ असे विचारतात. एका मुलीने उपाहारगृहातल्या वड्यांच्या रांगेचे माप घेऊन आणले. तिचे उत्तर बरोबर होते.